चाक आले की कायदा आला

फिफ्थ-व्हील म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यातल्या जोडावर पुढचा भाग टेकवून ओढले जाणारे फिरते घर. साध्या ट्रेलरचा जोड ट्रकच्या बंपरमागे असतो. फिफ्थ-व्हीलचा जोड मात्र ट्रकच्या मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे येतो. घराच्या पुढच्या भागातून खाली आलेली दोन इंच जाडीची पोलादी खुंटी, म्हणजे किंगपिन, जोडाच्या जबड्यात अडकते आणि घराच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार ट्रकवर येतो. ट्रकचा हौदा जोडानेच व्यापल्यामुळे जनरेटर, सायकली, स्कूटर, लाकूडफाटा हे सामान ठेवायला जागा उरते ती घराच्या पाठीमागे. तिथे चाक नसलेला मंच लावता येतो किंवा सरळ दुसरा छोटा ट्रेलर जोडता येतो. या दोहोंच्या मधोमध तिसरी एक वस्तू अमेरिकेच्या बाजारात मिळते. दोन ठिकाणी घट्ट जोडलेल्या या मंचाखाली ऑफिसच्या खुर्चीला असते तसे चहूकडे फिरणारे चाक असते. खरा वाद या तिसऱ्या वस्तूचा आहे.

हौशी : या सगळ्याचा उगाच बाऊ केला जातो. फिफ्थ-व्हीलची रचना मुळातच स्थिर आहे. जोड ट्रकच्या आसावर असल्याने मागच्या घराने झोका घेतला तरी ट्रकची शेपटी त्याबरोबर ओढली जात नाही. बंपरमागे जोडलेल्या ट्रेलरचा नेमका तोच दोष असतो. सात टनांच्या घरामागे दोनशे किलोंचा मंच लावल्याने या रचनेत असा काय फरक पडणार? परवान्याचे म्हणाल तर अमेरिकेत व्यावसायिक परवान्याचा संघीय कायदा १९८६ चा आहे आणि तो धंद्यासाठी वाहन चालवणाऱ्यांसाठी आहे. ट्रक आणि ट्रेलर यांची मिळून ठरलेली वजनमर्यादा २६,००१ पौंडांवर, म्हणजे सुमारे ११,८०० किलोंवर गेली आणि त्यात ओढल्या जाणाऱ्या वाहनाची मर्यादा १०,००० पौंडांहून जास्त असली, तर तो परवाना लागतो. स्वतःच्या कुटुंबाला घेऊन फिरायला निघालेला माणूस धंदा करत नसतो. त्याला त्या कायद्यातून वगळले आहे, आणि ते योग्यच आहे.

शंकेखोर : संघीय कायद्याने वगळले म्हणजे सगळ्यांनीच वगळले असे होत नाही. अमेरिकेत वाहनपरवाना राज्य देते आणि धंदा नसलेल्या जड वाहनांसाठी काय नियम करायचे हेही राज्यच ठरवते. कॅलिफोर्नियात साध्या, वर्ग सीच्या परवान्यावर १०,००० पौंडांपर्यंतचे फिफ्थ-व्हील ओढता येते. १०,००१ ते १५,००० पौंडांपर्यंतच्या घरासाठी लेखी परीक्षा देऊन त्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. त्यावर गेले की अव्यावसायिक वर्ग ए. त्याची परीक्षा वेगळी आणि प्रकृतीची माहिती भरून देण्याचा फॉर्मही वेगळा. टेक्सासमध्येही अव्यावसायिक वर्ग ए आहे, तो २६,००१ पौंडांच्या रेषेवर सुरू होतो. न्यूयॉर्कमध्ये २६,००० पौंडांवरच्या फिरत्या घरासाठी परवान्यावर 'आर' हे अक्षर लागते. मिशिगनमध्येही 'आर' आहे, पण तो पिकअपमागे फिफ्थ-व्हील आणि त्याच्याही मागे दुसरा ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी. अक्षर एकच, पण एक वजनासाठी आणि दुसरे संख्येसाठी. शिवाय बहुतेक ठिकाणी मोजले जाते ते काट्यावर भरलेले वजन नव्हे, तर उत्पादकाने पाटीवर छापलेली कमाल मर्यादा. घर रिकामे ओढले म्हणून वर्ग बदलत नाही. ज्याचा ट्रक आणि घर मिळून २५,८०० पौंडांवर टेकले आहे, त्याच्या मागे ५०० पौंडांची पाटी असलेली वस्तू लागली आणि ती ट्रेलर ठरली, तर टेक्सासमध्ये त्याने वर्ग ओलांडलाच.

हौशी : मान्य. पण एक गोष्ट तुम्ही सोडून देता. परवाना माणसाबरोबर प्रवास करतो. ज्या राज्याचा तो रहिवासी आहे, त्या राज्याने त्या प्रकारच्या वाहनासाठी दिलेला परवाना बाकीची राज्ये मानतात. ज्याच्या घरच्या राज्यात फिफ्थ-व्हीलला वेगळा वर्ग लागत नाही, त्याला कॅलिफोर्नियाची सीमा ओलांडताना वर्ग एची परीक्षा द्यावी लागत नाही. मग पन्नास राज्यांच्या पन्नास नियमांचा पसारा मांडून घाबरवण्यात काय हशील? घरचा परवाना नीट असला की झाले.

शंकेखोर : इथेच बहुतेकांची गल्लत होते. चालक कोण, हा प्रश्न घरच्या राज्याने सोडवायचा. त्या चालकामागे किती वाहनांची माळ आहे, ती किती लांब आहे, तिला ब्रेक कोणते आणि दिवे कोणते, हे मात्र ज्या रस्त्यावर चाक फिरते आहे त्या राज्याने ठरवायचे. तिथे परवाना दाखवून सुटका होत नाही. ट्रकमागे दोन वाहने ओढणे मध्य-पश्चिमेच्या आणि मैदानी राज्यांत बऱ्याच ठिकाणी चालते. पूर्व किनाऱ्यावरच्या बहुतेक राज्यांत खासगी चालकाला ते चालतच नाही. कॅलिफोर्नियात एकाहून अधिक वाहने ओढायची तर वर्ग ए हवाच, आणि जोडलेल्या वाहनांची एकूण लांबी, पुढेमागे लावलेल्या जोडण्यांसह, ६५ फुटांत बसली पाहिजे.

मिनेसोटाचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे, कारण तिथल्या कायद्याने नुसती बंदी किंवा नुसती मुभा दिलेली नाही. मोठा पिकअप, त्याला फिफ्थ-व्हीलच्या जोडाने लावलेले मधले वाहन आणि त्यामागे ट्रेलर, अशा तिघांच्या माळेला तिथे परवानगी आहे. तीनपेक्षा अधिक वाहने नकोत, एकूण लांबी ७० फुटांपर्यंत, चालक किमान १८ वर्षांचा आणि ट्रकची ओढण्याची क्षमता मागच्या दोन्ही वाहनांच्या वजनाइतकी तरी असली पाहिजे. एवढे करूनही मिनियापोलिस-सेंट पॉलभोवतीच्या सात काउंट्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ७ या वेळांत ही माळ रस्त्यावर आणायची नाही. वेळेचा हा नियम लिहिणाऱ्याला भीती वजनाची नव्हती. गर्दीत लेन बदलताना, आरशात न दिसणाऱ्या तिसऱ्या वाहनाची ती भीती होती.

आता लांबीचा हिशेब करून पाहा. ट्रक २१ फूट, घर ३८ फूट, घराचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यावर येतो म्हणून सुमारे ५ फूट वजा, झाले ५४. त्यामागे दांडीसकट १४ फुटांचा ट्रेलर लावला की ६८. मिनेसोटात नियमात, कॅलिफोर्नियात नियमाबाहेर. चालक तोच, परवाना तोच.

हौशी : हे सारे दुसऱ्या ट्रेलरबद्दल झाले, आणि त्यात वाद नाही. दुसरा ट्रेलर म्हणजे दुसरा सांधा, आणि खरा त्रास सांध्याचा आहे. पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. पुढे जाताना ती माळ निमूट येते. मागे घ्यायची वेळ आली की दुसरी ट्रॉली कुठल्या दिशेला वळेल याचा भरवसा नसतो, आणि अनुभवी चालकही शेवटी मागची ट्रॉली सोडून देतो. फिफ्थ-व्हीलमागच्या ट्रेलरचेही तेच होते. पेट्रोलपंपावर चुकीच्या रांगेत शिरलेला माणूस मागे येऊ शकत नाही. ज्या राज्यांनी दोन ट्रेलरना बंदी घातली, त्यांनी या सांध्याला बंदी घातली.

फिरत्या चाकाच्या मंचाला हा सांधाच नाही. तो घराच्या मागच्या चौकटीला डावीकडे आणि उजवीकडे, अशा दोन ठिकाणी जोडलेला असतो. त्यामुळे तो आडवा वळू शकत नाही. रस्ता वरखाली झाला तर बिजागरीवर वरखाली होतो, एवढेच. गाडी मागे घेतली की त्याचे चाक आपल्या खुंटीभोवती अर्धे वळण घेऊन उलट दिशेला तोंड करते आणि मंच घराबरोबर सरळ मागे जातो. ज्या कारणासाठी कायदा केला ते कारणच इथे गैरहजर आहे. मग या वस्तूला ट्रेलर का म्हणायचे? भारताचा १९८८ चा मोटार वाहन कायदा पाहा. मोटार वाहनाने ओढले जाणारे कोणतेही वाहन म्हणजे ट्रेलर, अशी त्याची व्याख्या आहे. पण तिच्यातून सेमी-ट्रेलर आणि साइडकार ही दोन नावे स्पष्टपणे वगळली आहेत. साइडकारला स्वतःचे चाक असते, ते रस्त्यावर टेकते, तरीही ती ट्रेलर नाही. हा मंच म्हणजे बाजूऐवजी मागे लावलेली साइडकार आहे.

शंकेखोर : साइडकारचा दाखला आकर्षक आहे, पण तो तुमच्या विरुद्धही जातो. साइडकारला नाव घेऊन वगळावे लागले, कारण वगळले नसते तर ती ट्रेलरमध्ये मोडेल अशी शंका होती. ज्या वस्तूचे नाव घेऊन तिला वगळलेले नाही, ती आपोआप बाहेर कशी राहील?

अमेरिकेतल्या राज्यांनी आपल्या व्याख्या बऱ्याच अंशी एका नमुन्यावरून घेतल्या आहेत. युनिफॉर्म व्हेइकल कोड हा तो नमुना १९२६ पासूनचा. तो स्वतः कायदा नाही, पण त्याची वाक्ये कित्येक राज्यांच्या कायद्यांत थोड्याफार फरकाने आढळतात. त्यात वाहनाची व्याख्या इतकी रुंद आहे की रस्त्यावरून माणूस किंवा माल नेण्याचे किंवा ओढण्याचे जवळजवळ कोणतेही साधन तीत मावते. पुढे ट्रेलर आणि सेमीट्रेलर यांत फरक केला आहे. ज्याचे वजन ओढणाऱ्या वाहनावर अजिबात टेकत नाही तो ट्रेलर. ज्याचे आणि ज्यावरच्या मालाचे काही वजन दुसऱ्या वाहनावर टेकते तो सेमीट्रेलर. फिफ्थ-व्हील घर या व्याख्येने सेमीट्रेलर आहे. आणि ज्याचे थोडे वजन स्वतःच्या चाकावर व थोडे घराच्या मागच्या चौकटीवर आहे, त्या तुमच्या मंचाचे काय? व्याख्येत सांध्याचा उल्लेख नाही, आडवे वळण्याचा नाही, किती ठिकाणी जोडले याचाही नाही. विचारले आहे ते वजन कुठे टेकते एवढेच. त्या कसोटीवर तुमचा मंच आपल्या पायाने चालत सेमीट्रेलरच्या व्याख्येत जातो.

हौशी : व्याख्येत 'ओढण्यासाठी बनवलेले वाहन' हेही शब्द असतात. जी वस्तू घराच्या चौकटीला घट्ट बांधली आहे, ती ओढली जाते की वाहून नेली जाते? घराच्या मागच्या आसालाही चाके आहेत आणि तीही रस्त्यावर टेकतात. म्हणून त्या आसाला कोणी वेगळा ट्रेलर म्हणत नाही. तो घराचाच भाग. मंचही घराचा भाग मानला की सगळे सुटते. दोन वाहने ओढण्याची बंदी लागू होत नाही, वेगळी नंबरप्लेट लागत नाही, आणि लांबीतही बसते. वरच्याच हिशेबात १४ फुटांऐवजी ५ फूट घाला. ५९ फूट. कॅलिफोर्नियाच्या ६५ फुटांतही आरामात.

शंकेखोर : घराचा भाग मानायचा तर पूर्ण मानावा लागेल. सोयीपुरता नाही. मंचावरचे वजन घराच्या पाटीवर छापलेल्या कमाल वजनात मोजले जाईल. घराच्या मागच्या आसापासून शेवटच्या टोकापर्यंतची लांबी वाढेल. वाहनाच्या मागे चार फुटांहून जास्त बाहेर येणाऱ्या मालाला दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवा, हा नियम कित्येक राज्यांत आहे. मंच हा घराचा भाग की घराबाहेर आलेला माल, हा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहील. घराचे मागचे दिवे आणि नंबरप्लेट मंचावरच्या सामानाने झाकली गेली, तर ती मंचाच्या मागच्या कडेवर पुन्हा बसवावी लागेल. शिवाय घराच्या उत्पादकाचे काय? कित्येक फिफ्थ-व्हील घरांना मागे काही जोडण्याची सोयच कारखान्यातून दिलेली नसते. जिथे असते तिथे तिच्यावर भाराची पट्टी असते, आणि ती सहसा सायकलींच्या वजनाची असते. वेल्डरकडून चौकोनी नळी बसवून घेतली की चौकटीची हमी गेली असे उत्पादक म्हणू शकतो. कायद्याला सांगायचे की हा घराचा भाग, आणि घर बनवणारा म्हणतो की हा माझा भाग नव्हे!

हौशी : चौकटीचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण चाकाची खरी बाजू तिथेच दिसते. चाक नसलेल्या मंचाला कोणतेच राज्य ट्रेलर म्हणत नाही. त्याला परवाना नको, प्लेट नको. पण त्याचे गणित मांडून पाहा. किंगपिनपासून घराच्या आसांच्या मध्यापर्यंत ८ मीटर अंतर आहे आणि मंचावरचे २०० किलो आसांच्या मागे ४ मीटरवर आहेत, असे धरा. तराजूच्या नियमाने किंगपिनवरचा भार १०० किलोंनी कमी होतो, आणि घराच्या आसांवरचा भार २०० नव्हे तर ३०० किलोंनी वाढतो. किंगपिनवरचे शंभर किलो कमी झाल्याने आभाळ कोसळत नाही. ट्रकच्या भारक्षमतेला उलट तेवढाच दिलासा. पण आसांवर आणि टायरांवर तीनशे किलो जास्त, तेही ज्या घरांचे आस सामान भरल्यावर आधीच मर्यादेच्या काठावर असतात तिथे. आणि आसांमागच्या चौकटीची पातळ पोलादी पट्टी प्रत्येक खड्ड्यात त्या दोनशे किलोंचा हिसका सोसते. भार स्थिर असताना दोनशे, हिसक्यात त्याहून कितीतरी अधिक.

आता चाक लावा. मंचाची बिजागरी आसांमागे ३ मीटरवर आहे आणि सामान बिजागरी व चाक यांच्या बरोबर मध्ये आहे. १०० किलो चाक घेते, १०० चौकटीवर येतात. किंगपिनवरून जेमतेम ३८ किलो कमी होतात आणि आसांवर १३८ वाढतात. तीनशेचे एकशे अडतीस! सामान चाकाजवळ सरकवले तर आणखी कमी. चौकटीवरचा हिसका निम्म्याहून खाली. सुरक्षिततेच्या नजरेने पाहिले तर चाक असलेला मंच हाच शहाणपणाचा मार्ग. आणि कायदा काय करतो? चौकट वाकवणाऱ्या मंचाकडे डोळेझाक करतो आणि चौकट वाचवणाऱ्या मंचाची कागदपत्रे मागतो.

शंकेखोर : हा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण चाकाने भार घेतला म्हणजे त्याने जबाबदारीही घेतली. ते चाक कसे असते ते जवळून पाहिले पाहिजे. अशा मंचांना बहुधा आठ किंवा बारा इंची रिमचे लहान टायर असतात. १६ इंच व्यासाचे चाक ट्रकच्या ३२ इंची चाकापेक्षा तेवढ्याच रस्त्यावर दुप्पट फेरे घेते, म्हणजे त्याचे बेअरिंगही दुप्पट फिरते आणि तापते. ट्रेलरच्या टायरांची वेगमर्यादा, वेगळी छापलेली नसेल तर, ताशी ६५ मैल धरतात. टेक्सासच्या काही महामार्गांवर त्याहून जास्त वेगाला परवानगी आहे आणि मागून येणारे हॉर्न वाजवत असतात. चाकाची खुंटी सैल झाली की ते थरथरू लागते. बाजारातल्या गाडीचे वाकडे चाक सगळ्यांनी पाहिले आहे. तेच महामार्गावर ताशी ६० मैलांनी, आणि चालकापासून पन्नास फूट मागे. घराच्या मागचा टायर फुटला तर निदान ट्रकला झटका जाणवतो. या चाकाचा टायर फुटला तर ते कळायला चालकाला मागचा कॅमेराच लागेल.

वळणाचाही प्रश्न आहे. सांधा नसल्याने मंच मागे घेता येतो हे खरे, पण सांधा नसल्यानेच तो वळणावर बाहेर झुलतो. फिफ्थ-व्हीलचे आस घराच्या शेवटापासून बरीच पुढे असतात. उजवीकडे वळताना शेपटी डावीकडच्या लेनमध्ये जाते. पाच फूट लांबी वाढली की शेपटी आणखी बाहेर. सांधा असलेला ट्रेलर तिथे मुकाट मागे मागे येतो. एका ठिकाणी सांधा नाही म्हणून कौतुक करायचे, तर दुसऱ्या ठिकाणी सांधा नाही म्हणूनच पेट्रोलपंपाचा खांब सांभाळायचा.

ब्रेकचे त्या मानाने सोपे आहे. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून राहण्याच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, बऱ्याच राज्यांत ही रेषा ३,००० पौंडांवर आहे, आणि हा मंच भरला तरी दोन्हींच्या खालीच राहतो.

हौशी : मग व्यवहाराने वागावे. ज्याला शंका वाटते त्याने आपल्या राज्यात या मंचाची ट्रेलर म्हणून नोंदणी करून टाकावी. हलक्या ट्रेलरची फी फार नसते. नंबरप्लेट लावली, छोटा दिवा लावला, कागद गाडीत ठेवले. पोलिसाने थांबवले तर दाखवायला काहीतरी असते. कागद नसलेल्या माणसापेक्षा कागद असलेला माणूस बरा, हा अनुभव जगभर सारखाच असावा.

शंकेखोर : या एका प्रकरणात तो अनुभव उलटा लागू पडतो. घरच्या राज्यात प्लेट लावल्याने शांतता मिळते, यात शंका नाही. पण ती प्लेट म्हणजे ही वस्तू ट्रेलर आहे याची कबुली. आणि ज्या राज्यात दोन ट्रेलर ओढण्यास बंदी आहे, तिथे ती कबुली गाडीच्या मागच्या बाजूला, दिव्याच्या उजेडात, पोलिसाला वाचता येईल अशा अक्षरांत लावलेली असते. प्लेट नसती तर 'हा घराचा भाग आहे' असा युक्तिवाद निदान करता आला असता. प्लेट लावल्यावर तो स्वतःच्या हाताने बंद केला. उलट, प्लेटविना निघालेला माणूस ज्या राज्यात अशा वस्तूला नोंदणी लागते तिथे नोंदणी नसलेले वाहन ओढतो म्हणून अडकतो. एकाच सहलीत दोन्ही राज्ये लागू शकतात. सीमेवर प्लेट काढून ठेवणारा माणूस कायदा पाळत नसतो, लपंडाव खेळत असतो.

हौशी : मग दोष माणसाचा नाही, व्याख्येचा आहे. साइडकारसारखे या वस्तूचे नाव घेऊन, सांधा नसलेला, अमुक वजनाच्या आतला, अमुक लांबीच्या आतला मंच हा ट्रेलर नव्हे असे एका ओळीत लिहायला राज्यांना काय हरकत आहे? मिनेसोटाने तिघांच्या माळेसाठी एवढा बारकाईने नियम लिहिला. मिशिगनने वेगळे अक्षर निर्माण केले. त्यांना हे जमते, तर हेही जमेल.

शंकेखोर : जमेल, आणि व्हावेही. पण मग त्या ओळीत टायरचा किमान आकार, चाकाच्या खुंटीची तपासणी आणि मागच्या कडेचे दिवेही लिहावे लागतील. म्हणजे ट्रेलर नव्हे असे म्हणून ट्रेलरचे बहुतेक नियम पुन्हा लावावे लागतील. तुम्हाला हवी ती सवलत तेव्हा फक्त एका गोष्टीत उरेल: ओढलेल्या वाहनांच्या मोजणीत याला धरायचे नाही.

हौशी : तेवढीच हवी होती.

शंकेखोर : तेवढीच मिळेल की नाही, हे सांध्याला घाबरणाऱ्या आणि लांबीला घाबरणाऱ्या कायदेमंडळांत वेगवेगळे ठरेल. तोवर विकत घेण्यापूर्वी करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. घराच्या चौकटीवरची भारपट्टी वाचायची. भरलेला ट्रक आणि घर काट्यावर नेऊन आसांवर किती जागा शिल्लक आहे ते पाहायचे. शिल्लक असेल आणि सामान थोडे असेल, तर चाक नसलेला मंच घेऊन कायद्याचा प्रश्नच टाळता येतो. चाक लागणारच असेल, तर जाताना लागणाऱ्या प्रत्येक राज्याच्या महामार्ग पोलिसांना वस्तूच्या छायाचित्रासह लेखी विचारायचे: ही तुमच्याकडे ट्रेलर आहे का, आणि असेल तर फिफ्थ-व्हीलमागे चालते का. विमा कंपनीला तोच प्रश्न वेगळा विचारायचा, कारण तिची व्याख्या पॉलिसीत छापलेली असते आणि ती राज्याच्या व्याख्येशी जुळेलच असे नाही. विक्रेत्याचे उत्तर यात धरायचे नाही. दंडाची पावती चालकाच्या नावावर निघते.